फवारणीचा थेंब आणि कातडीचे गणित

आटपाडी हा माणदेशातला तालुका. औंध संस्थानाच्या काळात तो राजधानीपासून दूर पडलेला एक महाल होता. संस्थान विलीन झाल्यावर १९४९ मध्ये तो नव्या दक्षिण सातारा जिल्ह्यात गेला आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. पाऊस बेभरवशाचा, माणगंगा वर्षातले बरेच महिने कोरडी. मेंढरे, खिलार जनावरे आणि बाजरी यांवर भागेना, तेव्हा इथली माणसे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी देशभर पांगली. मग या हलक्या, मुरमाड जमिनीत डाळिंब आले. आधी गणेश आणि पुढे भगवा या वाणांनी माळरानाला पैसा दाखवला. नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्या पुढाकाराने समन्यायी पाणीवाटपाचा जो लढा उभा राहिला, त्याचे आटपाडी हे मोठे केंद्र होते. टेंभू योजनेतून कृष्णेचे पाणी या पठारावर आले आणि बागा वाढल्या.

डाळिंबाला माणदेशाची हवा मानवते, पण रोग आणि किडी त्याची पाठ सोडत नाहीत. तेल्या पडला की फळे काळी पडून तडकतात. फुलकिडे फळाच्या सालीवर खरवड उठवतात, अळी फळ पोखरते, भुंगेरा खोडाला भोके पाडतो. बहर धरल्यापासून तोडणीपर्यंत बागेत फवारणी थांबत नाही.

ही फवारणी जवळून पाहावी. दोनशे लिटरच्या बॅरलमध्ये पाणी भरलेले असते. बाटलीचे बूच काढून टोपणाने औषध मोजतात, बॅरलमध्ये ओततात आणि काठीने ढवळतात. टोपण भरताना दोन-चार थेंब बोटांवर सांडतात, ते धोतराला किंवा पँटीला पुसले जातात. एचटीपी पंप सुरू होतो. एक गडी गन घेऊन ओळीत शिरतो, दुसरा मागून नळी ओढतो. औषध पानांच्या खालच्या बाजूला लागले पाहिजे, म्हणून गन खालून वर धरावी लागते आणि ते धुके परत तोंडावर, मानेवर, छातीवर उतरते. तासाभरात सदरा भिजून पाठीला चिकटतो. मनगटावर डाळिंबाच्या काट्यांचे ओरखडे असतात, त्यांत औषध झोंबते.

त्या चिकटलेल्या सदऱ्याखाली कातडीतून किती औषध रक्तात उतरत असेल? या प्रश्नाला विज्ञानाने सव्वाशेहून अधिक वर्षांच्या कामानंतर समीकरणासकट उत्तर दिले आहे. ते उत्तर कसे सापडले, कुणाच्या शरीरावर सापडले आणि महाराष्ट्रातल्या शिवारापर्यंत पोचायच्या आधी किती माणसे दगावली, हा इतिहास डाळिंबाच्या प्रत्येक गावात माहीत असायला हवा.

फिकचा नियम

आडोल्फ फिक हा जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ होता. मीठ पाण्यात कसे पसरते याचे प्रयोग तो करत होता. १८५५ मध्ये, वयाच्या पंचविशीत, त्याने विसरणाचे नियम मांडले. पदार्थ दाट जागेकडून विरळ जागेकडे जातो. दोन जागांमधल्या दाटपणात जितका फरक, तितका त्याचा वेग जास्त. आणि मधला थर जितका जाड, तितका वेग कमी. उष्णता धातूच्या दांड्यातून कशी वाहते याचे गणित फुरिए या फ्रेंच गणितज्ञाने आधीच मांडले होते. फिकने तेच गणित द्रव्याला लावले.

या नियमातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. पदार्थ कातडीला लागला की प्रवाह लगेच पूर्ण वेगाने सुरू होत नाही. आधी तो थरात मुरतो, मग पलीकडे दिसू लागतो. मधल्या या काळाचेही गणित आहे: थराच्या जाडीचा वर्ग भागिले विसरणांकाची सहापट. म्हणजे हात धुतला, अंघोळ झाली, जेवण झाले, तरी आधीच मुरलेले औषध पुढे आत जातच राहते. हा मुद्दा पुढे यवतमाळच्या विषबाधेच्या प्रकरणात कामाला येईल.

फिकच्या काळात या नियमांचा कातडीशी संबंध कुणी जोडला नव्हता. लेप आणि मलमे हजारो वर्षे वापरात होती, त्यांचा गुण येतो हे लोकांना माहीत होते. पण किती आणि किती वेळात, हे मोजायचे साधन नव्हते. मोजण्याची निकड निर्माण झाली ती विसाव्या शतकात, एका नव्या विषामुळे.

लेव्हरकुसेनचा एक थेंब

गेऱ्हार्ड श्राडर हा जर्मनीतल्या लेव्हरकुसेनच्या प्रयोगशाळेत नवी कीटकनाशके शोधत होता. डिसेंबर १९३६ मध्ये त्याने फॉस्फरसचे एक सेंद्रिय संयुग तयार केले. पुढच्या महिन्यात त्याचा थोडासा अंश टेबलावर सांडला. श्राडर आणि त्याच्या सहकाऱ्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या आकसल्या, उजेड कमी दिसू लागला, श्वास जड झाला. बरे व्हायला त्यांना काही आठवडे लागले. ते संयुग म्हणजे ताबून, आणि जर्मन लष्कराने ते युद्धासाठी उचलले. त्याच घराण्यातले पॅराथिऑन श्राडरने १९४४ मध्ये तयार केले आणि युद्ध संपल्यावर ते जगभरच्या शेतांत पोचले. भारतात ते फॉलिडॉल या नावाने गावोगाव गेले.

ऑर्गॅनोफॉस्फरस घराण्यातली ही सगळी औषधे शरीरात एकच काम करतात. मज्जातंतूकडून स्नायूला निरोप देणारे ॲसिटिलकोलीन हे रसायन काम झाल्यावर तोडून टाकणारे एक विकर आपल्या शरीरात असते, त्याला कोलिनेस्टरेज म्हणतात. ऑर्गॅनोफॉस्फरस औषध या विकरालाच जखडून टाकते. मग निरोप थांबत नाहीत. तोंडाला लाळ सुटते, घाम फुटतो, बाहुल्या आकसतात, पोटात मुरडा येतो, स्नायू फडफडतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. अळी अशी मरते आणि माणूसही असाच मरतो. फरक फक्त मात्रेचा.

सफरचंदाच्या बागेतले कापडी तुकडे

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात वेनाची नावाचे गाव सफरचंदासाठी प्रसिद्ध आहे. पॅराथिऑन तिथल्या बागांत सर्रास मारले जाई आणि मजूर आजारी पडत. विल्यम डरहम आणि होमर वुल्फ या दोघांनी तिथे एक साधी पद्धत बसवली. मजुराच्या खांद्यावर, छातीवर, पाठीवर, हातावर शोषक तुकडे लावायचे, फवारणी झाली की ते काढून प्रयोगशाळेत तपासायचे आणि तेवढ्या जागेवर पडलेल्या औषधावरून सगळ्या अंगावरचा आकडा काढायचा. श्वासासाठी वेगळी गाळणी. १९६२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मुखपत्रात ही पद्धत प्रसिद्ध झाली. निष्कर्ष असा होता की फवारणी करणाऱ्याच्या कातडीवर जेवढे औषध पडते, त्याच्या मानाने नाकातोंडावाटे जाणारे अगदी थोडे असते.

तोंडाला फडके बांधले की काम भागले, हा समज तेव्हाही होता आणि आजही आहे. वेनाचीच्या तुकड्यांनी तो साठ वर्षांपूर्वीच खोटा ठरवला.

पाठोपाठ १९६३ मध्ये वेगवेगळ्या तापमानाला स्वयंसेवकांच्या हातांवर पॅराथिऑन लावून त्यांच्या लघवीत त्याचा अवशेष मोजण्यात आला. हवा जितकी गरम, तितका अवशेष जास्त निघाला. थंड प्रदेशातल्या आकड्यावर माणदेशातल्या एप्रिल महिन्याचा हिशेब करता येत नाही, हे त्या प्रयोगातून ठरते.

कैद्यांच्या कातडीवर काढलेले आकडे

पुढचा टप्पा सॅन फ्रान्सिस्कोचा. तिथल्या विद्यापीठात हॉवर्ड मायबाक आणि रॉबर्ट फेल्डमन यांनी १९६० च्या दशकात एक पद्धत बसवली. किरणोत्सारी कार्बन घातलेला पदार्थ कातडीवर दर चौरस सेंटिमीटरला ४ मायक्रोग्रॅम या प्रमाणात लावायचा, चोवीस तास धुवायचा नाही, आणि पाच दिवस लघवी गोळा करून त्यातला किरणोत्सार मोजायचा. आत गेलेले सगळेच लघवीत उतरत नाही, म्हणून तोच पदार्थ शिरेतून देऊन तुलना करायची.

१९७१ मध्ये याच गटाने पॅराथिऑनसाठी शरीराच्या भागांनुसार आकडे दिले. कोपर ते मनगट या भागावर लावलेल्या औषधापैकी सुमारे ९ टक्के आत गेले. तळहातातून १२ टक्के, पोटावरून १८ टक्के, डोक्याच्या कातडीतून ३२ टक्के, कपाळावरून ३६ टक्के, काखेतून ६४ टक्के. अंडकोशाच्या पातळ कातडीतून तर जवळजवळ सगळेच. ज्याच्या पाठीवरचा पंप गळतो आणि औषध कमरेखाली झिरपते, त्याला हा शेवटचा आकडा कुणीतरी समोर बसवून सांगायला हवा.

या ज्ञानाला एक काळी बाजू आहे. त्या विद्यापीठातील मायबाक आणि त्यांचे सहकारी एपस्टाइन यांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत व्हॅकाव्हिल इथल्या तुरुंगातल्या कैद्यांवर प्रयोग केले. निदान २,६०० माणसांवर हे प्रयोग झाले. कीटकनाशके आणि तणनाशके त्यांच्या कातडीवर लावण्यात आली, शिरांतून देण्यात आली. त्यांना धोका नीट समजावून सांगितल्याची आणि त्यांची खरी संमती घेतल्याची नोंद बहुतेक ठिकाणी नव्हती. १९७७ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने तुरुंगांतले असे प्रयोग बंद केले. विद्यापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर माफी मागितली.

आटपाडीच्या माणसाला ही गोष्ट वाचताना आपल्याच उंबऱ्यावरचे स्वतंत्रपूर आठवेल. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या काळात, पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन यांच्या प्रेरणेने १९३९ मध्ये आटपाडीजवळ कैद्यांची ही खुली वसाहत सुरू झाली. खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसांना बेड्या नाहीत, भिंती नाहीत. कुटुंबासह राहायचे आणि शेती करायची. याच प्रयोगावर गदिमांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. एका संस्थानिकाने माळरानावर कैद्याला माणूस म्हणून वागवले. त्यानंतर दोन-तीन दशकांनी, जगातल्या अत्यंत श्रीमंत राज्यात, सुशिक्षित डॉक्टरांनी कैद्याची कातडी प्रयोगाचे साहित्य म्हणून वापरली. आज आपण जे आकडे वापरतो ते अशा माणसांनी आपल्या शरीराने मोजून दिले आहेत. ते आकडे मजुराच्या रक्षणासाठी न वापरता कपाटात ठेवणे हा त्यांच्यावरचा दुसरा अन्याय ठरेल.

विटा, चुना आणि समीकरण

दरम्यान बॉस्टनमध्ये रॉबर्ट शूप्लाइन कातडीचे तुकडे काचेच्या दोन भांड्यांमध्ये बसवून मोजत होता. १९६५ पासूनच्या त्याच्या लेखांनी आणि १९७१ मध्ये अर्विन ब्लँकबरोबर लिहिलेल्या मोठ्या आढाव्याने एक गोष्ट पक्की केली. कातडी दोन-तीन मिलिमीटर जाड असली तरी खरा पहारा तिच्या सर्वांत वरच्या मृत थराचा असतो. हा थर मिलिमीटरच्या जेमतेम पन्नासाव्या भागाएवढा, बहुतेक ठिकाणी त्याहूनही पातळ. त्याखाली रक्तवाहिन्या आहेत, एकदा तिथे पोचलेले औषध शरीरभर जाते. मेलेल्या थराला जिवंत पेशींची क्रिया नसते, म्हणून त्यातला प्रवास निव्वळ फिकच्या नियमाने चालतो.

१९७५ मध्ये ॲलन मायकल्स, चंद्रशेखरन आणि शॉ यांनी या थराचे चित्र गणितात बसवले. प्रथिनांनी भरलेल्या चपट्या मृत पेशी म्हणजे विटा आणि त्यांमधली चरबी म्हणजे चुना. औषधाला आत जायचे तर विटांना वळसे घालत चरबीच्या वाटेने जावे लागते. त्यामुळे चरबीत सहज विरघळणारे औषध सहज शिरते आणि पाण्यात रमणारे औषध अडते. हेच गणित औषध-उद्योगाने लगेच उचलले. प्रवासातल्या मळमळीवरची कातडीला चिकटवायची पट्टी अमेरिकेत १९७९ मध्ये मंजूर झाली, पुढे हृदयविकारावरच्या आणि तंबाखू सोडवणाऱ्या पट्ट्या आल्या. कातडीतून किती औषध, किती तासांत जाईल, हे कारखान्यात अगोदर ठरवता येऊ लागले.

मग १९९२ मध्ये रसेल पॉट्स आणि रिचर्ड गाय यांनी नव्वदहून अधिक पदार्थांची मोजमापे एकत्र घेऊन एक ओळीचे समीकरण दिले. कुठलाही पदार्थ पाण्यातून कातडीत किती वेगाने शिरेल, हे त्याच्या दोन गुणांवरून काढता येते. एक, त्याचा रेणू किती जड. दोन, त्याला पाण्यापेक्षा तेलाची ओढ किती. तेलाची ओढ दहापट वाढली की शिरण्याचा वेग सुमारे पाचपट वाढतो. रेणूचे वजन १०० एककांनी वाढले की वेग एक चतुर्थांश होतो. मोजमापांतल्या फरकांपैकी सुमारे दोन तृतीयांश फरकाचा उलगडा या एका ओळीने होतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने याच धाटणीचे समीकरण आपल्या अधिकृत पद्धतीत घेतले आणि २००४ मध्ये ते सुधारून पुन्हा दिले.

हे समीकरण आपल्याकडच्या औषधाला लावून पाहू. मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के हे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांना चांगले ठाऊक असलेले औषध. त्याच्या रेणूचे वजन २२३, तेलाची ओढ फार कमी. समीकरणाने त्याचा शिरण्याचा वेग ताशी ०.००००५५ सेंटिमीटर निघतो. हा आकडा अगदी क्षुल्लक दिसतो. पण बाटलीतल्या औषधाच्या एका मिलिलिटरमध्ये निदान ३६० मिलिग्रॅम विष असते. ते दोन्ही तळहातांना, म्हणजे साधारण ३०० चौरस सेंटिमीटरला लागून राहिले, तर तासाला सुमारे ६ मिलिग्रॅम आत जाते. आता फवारणीचे पाणी घ्या. लिटरला दीड मिलिलिटर औषध घातले आणि अर्धे अंग चार तास भिजलेले राहिले, तर आत जाते ते सुमारे १ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला आयुष्यभर रोज अन्नावाटे चालेल अशी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ठरवलेली मर्यादा आहे दिवसाला ०.०३६ मिलिग्रॅम. चार तासांच्या ओल्या सदऱ्याने ती पंचवीसपटीहून जास्त ओलांडली जाते. तळहातांवरच्या तासाभराच्या औषधाने दीडशेपटीहून अधिक.

हे समीकरण पातळ द्रावणांवरून बांधलेले आहे, म्हणून दाट औषधासाठी हा आकडा ढोबळ धरावा. तरी निष्कर्ष स्पष्ट आहे. दिवसभराच्या फवारणीइतकेच किंवा त्याहून जास्त विष औषध मोजण्याच्या आणि ढवळण्याच्या काही मिनिटांत हातांवर बसू शकते. हातमोजे सर्वांत आधी लागतात ते बूच काढताना.

कायदा झाला, आकडे लेबलवर राहिले

भारतात या विषाची पहिली मोठी किंमत केरळने मोजली. १९५८ मध्ये फॉलिडॉल सांडलेले धान्य लोकांच्या पोटात गेले आणि शंभरहून अधिक माणसे दगावली. चौकशी आयोग बसला, त्यातून १९६८ चा कीटकनाशक कायदा आला आणि १९७१ मध्ये त्याचे नियम झाले.

त्या नियमांनी प्रत्येक डब्यावर एक त्रिकोण आणला: लाल, पिवळा, निळा, हिरवा. हे रंग दोन कसोट्यांवर ठरतात. एक कसोटी पोटात गेलेल्या मात्रेची आणि दुसरी थेट कातडीवरच्या मात्रेची. प्रयोगातल्या प्राण्यांच्या कातडीवर दर किलो वजनाला २०० मिलिग्रॅमपर्यंतच्या मात्रेने निम्मे प्राणी मेले तर लाल, २,००० पर्यंत पिवळा, २०,००० पर्यंत निळा. म्हणजे कातडीतून विष जाते हे सरकारने १९७१ पासून कायद्यात मान्य केलेले आहे. दुकानदार मात्र तो रंग किडीवरचा जोर म्हणून सांगतो, आणि लाल त्रिकोणाचे औषध ‘कडक’ म्हणून जास्त खपते.

मग आले २०१७ साल आणि यवतमाळ. त्या पावसाळ्यात कपाशी माणसाच्या उंचीला गेली होती, बोंडअळीने शेतकरी हवालदिल झाला होता. शेतमजूर पाठीवर पंप घेऊन त्या उंच पिकात शिरले. दोन-तीन औषधे एकत्र केली जात होती, बॅटरीच्या पंपातून बारीक धुके निघत होते, हवा दमट होती, अंगावर साधे कपडे होते. जुलैपासून रुग्णालये भरू लागली. यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे गेली, आठशेहून अधिक दाखल झाली. काहींची दृष्टी काही काळ गेली. सरकारने विशेष तपास पथक नेमले आणि विदर्भाच्या पाच जिल्ह्यांत पाच औषधांवर साठ दिवसांची बंदी घातली. मोनोक्रोटोफॉस त्यांत होते, आणि प्रोफेनोफॉस व सायपरमेथ्रिन यांचे मिश्रणही.

यांतल्या मोनोक्रोटोफॉस आणि प्रोफेनोफॉस या दोन औषधांवर कातडीचे गणित चालवले तर त्या महिन्यांत काय झाले असेल याचा अंदाज येतो. प्रोफेनोफॉसला तेलाची ओढ प्रचंड. समीकरणाने त्याचा शिरण्याचा वेग मोनोक्रोटोफॉसच्या सुमारे अडीचशेपट निघतो. ते पाण्यात फारसे विरघळत नाही, म्हणून फवाऱ्यात तेलकट थेंबांच्या रूपात असते आणि असे थेंब कातडीच्या चरबीला धरून राहतात. कातडीत मुरून पलीकडे उतरायला लागणारा वेळही काढता येतो: मोनोक्रोटोफॉसला सुमारे दोन तास, प्रोफेनोफॉसला सुमारे तेरा. सकाळी फवारणी केलेला माणूस संध्याकाळी घरी येतो, त्याला बरे वाटते, आणि रात्री उलट्या सुरू होतात. पाण्याने नुसते अंग ओले केले की सुटका होत नाही, कारण औषध तोवर वरच्या थरात साठलेले असते. मिश्रण असेल तर एकाचा जोर ओसरता ओसरता दुसऱ्याचा सुरू होतो.

यवतमाळच्या सरकारी रुग्णालयात तेव्हा रक्तातले कोलिनेस्टरेज मोजण्याची सोय नव्हती. डॉक्टर लक्षणांवरून ॲट्रोपिन देत राहिले आणि अनेकांना त्यांनी वाचवले. पण कुणाच्या अंगात किती विष गेले, याचा आकडा हाती नव्हता.

डाळिंबाच्या बागेसाठी

आटपाडी आणि यवतमाळ यांच्या पिकांत फरक आहे, फवारणी करणाऱ्याच्या अवस्थेत फारसा नाही. डाळिंबाचे झाडही छाती-डोक्याच्या उंचीचे असते, औषध इथेही अंगावरच परतते. त्यात डाळिंबाला काटे आहेत. पॉट्स आणि गाय यांचे समीकरण धडधाकट कातडीसाठी आहे. ज्या मृत थरावर सगळा पहारा अवलंबून आहे, तोच ओरखड्याने फाटला तर गणितातले सगळे आकडे कमी पडतात. खोडकिडीसाठी गेरू, क्लोरपायरिफॉस आणि ब्लायटॉक्स यांचा लेप खोडाला देतात. तो ब्रशने लावतानाही तळहात माखतात, आणि हे काम पुष्कळदा बाया करतात. क्लोरपायरिफॉसलाही प्रोफेनोफॉससारखीच तेलाची ओढ आहे.

ओल्या कपड्याचाही हिशेब आहे. फेल्डमन आणि मायबाक यांनी १९६५ मध्ये मलमाच्या औषधावर दाखवले की कातडी झाकून ठेवली तर शोषण सुमारे दहापट होते. भिजून अंगाला चिकटलेला सदरा तेच काम करतो. तो संरक्षण देत नाही, उलट विष दाबून धरतो. म्हणून सदरा भिजला की काम थांबवून बदलायला हवा, साबणाच्या भरपूर पाण्याने अंग धुवायला हवे आणि ते संध्याकाळपर्यंत न थांबता त्याच क्षणी करायला हवे. हातमोजे नायट्राइलचे असावेत, कापडी नकोत. पातळ रबरावरही विसंबू नये. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथच्या रसायनशास्त्रज्ञ कॅरेन वेटरहान यांच्या लॅटेक्सच्या हातमोज्यावर डायमिथिल मर्क्युरीचे काही थेंब सांडले. ते मोजा ओलांडून आत गेले आणि पुढच्या जूनमध्ये त्या वारल्या. विष जाणणाऱ्या माणसाला मोज्याने दगा दिला, तिथे फडक्याचा काय पाड लागणार?

ही सगळी जबाबदारी एकट्या मजुराच्या माथी मारणे हा अन्याय आहे. मोजे, चष्मा, अंगभर कोरडे कपडे, पाण्याची टाकी आणि साबण या बागायतदाराने बॅरलसोबत द्यायच्या वस्तू आहेत. डाळिंबाचा एक क्रेट विकला तरी तो खर्च निघेल. औषध विकणाऱ्याने त्रिकोणाचा अर्थ गिऱ्हाइकाला सांगितला पाहिजे. लेबलवर प्रत्येक औषधासाठी कातडीतून शिरण्याचा वेग आणि मुरून पलीकडे उतरायला लागणारे तास, मराठीत आणि ठळक अक्षरांत, छापायला काहीच अडचण नाही. आकडे काढायची पद्धत १९९२ पासून जगाच्या हाती आहे.

आणि एक नियम तर आपल्याकडे त्याहूनही जुना आहे. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार फवारणीच्या कामावरच्या माणसांची कामावर घेण्याआधी आणि नंतर निदान वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, आणि ऑर्गॅनोफॉस्फरस औषधांच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांचे रक्तातले कोलिनेस्टरेज तर दर महिन्याला मोजायला हवे. बहर सुरू होण्याआधी आटपाडीच्या ग्रामीण रुग्णालयात फवारणी करणाऱ्यांची ही वैद्यकीय तपासणी सुरू व्हावी, यासाठी ग्रामसभांनी ठराव करावेत, बागायतदारांनी आपल्या गड्यांना स्वतः घेऊन जावे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. पन्नासहून अधिक वर्षे कागदावर असलेला हा एक नियम पाळायचा आहे.